क्रोमची पेठ

चेन्नईच्या बीच स्टेशनावरून तांबरमकडे निघालेली लोकल विमानतळासमोरचं तिरुसूलम सोडते, पल्लावरमला थांबते आणि पुढच्या स्टेशनात शिरते, तेव्हा पाटीवर तमिळमध्ये ‘कुरोम्पेट्टै’ हे नाव दिसतं. जोडाक्षराने शब्दाची सुरुवात तमिळला रुचत नाही, म्हणून ‘क्रोम’चं ‘कुरोम’ झालं. ‘पेट्टै’ मात्र मराठी माणसाला लगेच ओळखीचं वाटेल. आपली ‘पेठ’ त्याच कुळातली. पेठांना वारांची नावं मिळतात, देवांची मिळतात, सरदारांची मिळतात. ही पेठ ओळखली जाते ती एका धातूच्या नावाने, आणि ते नाव तिला कातडं कमावण्याच्या एका पद्धतीने दिलं.

आज क्रोमपेट आणि पल्लावरम वेगळे काढून दाखवता येत नाहीत. दोन्ही मिळून रेल्वेमार्ग आणि जीएसटी रोड, म्हणजे दक्षिणेकडे जाणारा जुना महामार्ग, यांच्या दोन बाजूंना पसरलेलं एकच उपनगर आहे. शेकडो वर्षांच्या वस्तीत इथल्या माणसांनी आधी डोंगर विकला, मग कातडं, मग आपला वेळ. या तिन्हींची किंमत शेवटी पाण्यानेच मोजली, असं मला वाटतं. ते कसं घडलं ते क्रमाने सांगतो.

सुरुवात दगडापासून. पल्लावरम हे नाव ‘पल्लवपुरम’वरून आलं. सातव्या शतकाच्या सुरुवातीला पल्लव राजा महेंद्रवर्मा पहिला याने इथल्या टेकडीत एक लेणं खोदवलं आणि त्याच्या खांबांवर आपल्या बिरुदावल्या कोरवल्या. त्या लेण्यात पुढे दर्गा झाला; भाविक आजही तिथे जातात. पण इथल्या दगडाची गोष्ट पल्लवांहून कितीतरी जुनी आहे. ३० मे १८६३ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रॉबर्ट ब्रूस फूट पल्लावरमच्या लष्करी पॅरेड मैदानाजवळ मुरमाच्या खड्ड्यात उतरले होते. तिथे त्यांना माणसाच्या हाताने घडवलेलं एक दगडी हत्यार सापडलं. भारतात पुराश्मयुगीन माणूस वावरत होता याचा ओळखू आलेला तो पहिला पुरावा. भारताच्या प्रागितिहासाचा अभ्यास सुरू झाला तो या छावणीच्या खड्ड्यातून.

इथल्या टेकड्यांचा काळसर, तुळतुळीत, अतिशय कठीण खडकही जगाच्या भूशास्त्रात पोचला. १८९३ साली टी. एच. हॉलंड यांच्या लक्षात आलं, की कोलकात्याच्या सेंट जॉन चर्चच्या आवारातल्या जॉब चार्नॉकच्या थडग्याचा दगड आणि मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंट–पल्लावरमच्या टेकड्यांचा दगड एकाच जातीचा आहे. त्यांनी त्याला ‘चार्नोकाइट’ असं नाव दिलं. शास्त्रज्ञांनी त्याचं बारसं केलं, पण त्याच्यावर पोट भरलं ते पाथरवटांनी. मद्रास वाढत होतं. तिथल्या रस्त्यांना खडी हवी होती आणि रेल्वेला गिट्टी. पल्लावरम, पम्मल, तिरुसूलमच्या टेकड्या सुरुंगांनी फुटू लागल्या. कित्येक टेकड्यांचे पुढे खड्डे झाले. अशाच खड्ड्यांकडे शेवटी पुन्हा यायचं आहे.

दगडाखेरीज गावाला दोन आधार होते. एक छावणी. सेंट थॉमस माउंट आणि पल्लावरम मिळून असलेलं कॅन्टोन्मेंट आजही आहे, आणि पलटणीला दूध, भाजी, धोबी, शिंपी लागतात. दुसरा आधार शुक्रवारचा बाजार. तो आजही भरतो. कोंबड्या-कबुतरांपासून रोपांपर्यंत, सुट्या भागांपासून जुन्या पुस्तकांपर्यंत, कुणाच्या तरी घरातून निघालेली वस्तू दुसऱ्याच्या घरी जायच्या आधी इथे चादरीवर मांडलेली असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्रासहून दक्षिणेकडे मीटरगेज रेल्वे गेली आणि पल्लावरमला स्टेशन मिळालं. शहराच्या दुर्गंधीच्या तक्रारींपासून लांब, पण रेल्वेच्या आणि हमरस्त्याच्या हाताशी. कातड्याच्या धंद्याला अशीच जागा हवी असते.

मद्रास इलाख्यातलं कमावलेलं कातडं तेव्हा जगात ‘ईस्ट इंडिया किप्स’ नावाने ओळखलं जाई. त्याचं रहस्य एका झुडपात होतं. तमिळमध्ये त्याला ‘आवारम’ म्हणतात. आपल्या माळरानावर पिवळ्या फुलांनी भरून जाणारा तरवड तो हाच. तरवडाच्या सालीच्या पाण्यात कातडी दिवसचे दिवस मुरत ठेवायची आणि अखेरीस हिरड्याच्या पाण्यातून काढायची, म्हणजे त्यांना फिकट, उजळ रंग चढतो. हिरड्याच्या व्यापारात प्रती असत, आणि त्यातल्या एका प्रतीला वेंगुर्ल्याचं नाव होतं. सह्याद्रीचा हिरडाही याच जगात वावरत होता. मालाची मुख्य पेठ मद्रासमधलं पेरियमेट. व्यापारी बहुतेक तमिळ मुसलमान. कुंडात उतरून काम करणारे बहुतेक दलित, कारण मेलेल्या जनावराच्या कातड्याला हात लावणं जातिव्यवस्थेने त्यांच्याच माथी मारलं होतं. तिरुनेलवेलीकडच्या याच व्यवसायातल्या लोकांनी पुढे मुंबईत धारावीत कातडं कमावण्याचे कारखाने उभे केले. धारावीच्या चामड्याच्या बाजाराचं मूळ तमिळनाडूत आहे, ते असं.

या स्थिर धंद्याला धक्का बसला तो अमेरिकेतून. १८८४ मध्ये ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. १८९३ मध्ये मार्टिन डेनिस यांनी ती आणखी सोपी केली. ज्या कामाला सालीच्या कुंडात आठवडे लागत ते क्रोमच्या फिरत्या पिंपात एक-दोन दिवसांत होऊ लागलं. कातडं निळसर-हिरवं निघे, मऊ आणि चिवट असे, आणि उष्णतेला व पाण्याला दाद देत नसे. आता अमेरिकेच्या कारखान्यांना मद्रासचं कमावलेलं बकऱ्याचं कातडं नको झालं, त्यांना कच्चंच हवं होतं. कमावण्याची मजुरी आणि नफा दोन्ही समुद्रापार गेले. मागे राहिलं ते मीठ लावून कच्चा माल रवाना करण्याचं काम.

यावर उपाय शोधू पाहणारा माणूस होता आल्फ्रेड चॅटर्टन. १८८८ साली इंजिनिअरिंगचा प्राध्यापक म्हणून मद्रासला आलेल्या या इंग्रजाने मद्रासच्या कला शाळेत आधी ॲल्युमिनियमच्या भांड्यांचं काम सुरू केलं आणि मग, १९०३ मध्ये, क्रोम पद्धतीचे प्रयोग. त्यांचा विचार बुटांपासून सुरू झालेला नव्हता. तो सुरू झाला मोटेपासून. विहिरीतून पाणी उपसणारी चामड्याची मोट, तमिळमध्ये ‘कवलै’. सालीने कमावलेलं कातडं सतत पाण्यात राहून कुजतं आणि शेतकऱ्याला मोट पुन्हा पुन्हा बदलावी लागते. क्रोमचं कातडं पाण्याला टिकतं, मग मोट जास्त दिवस चालेल, असा साधा हिशेब होता. नव्या रसायनाची गाठ एका प्राध्यापकाने थेट विहिरीच्या काठाशी घालावी, हे मला या सगळ्या इतिहासातलं फार हृद्य वाटतं.

प्रयोग यशस्वी झाला आणि तेच अडचणीचं ठरलं. सरकार धंद्यात उतरलं, अशी ओरड मद्रासच्या युरोपीय व्यापाऱ्यांनी केली. १९१० मध्ये भारतमंत्री लॉर्ड मोर्ले यांनी निवाडा दिला: सरकारने औद्योगिक शिक्षण द्यावं, कारखाने चालवू नयेत. सरकारी क्रोम कारखाना रेवा संस्थानाला विकून टाकला गेला. चॅटर्टन पुढे म्हैसूरला गेले. पण त्यांनी मद्रासमध्ये निर्माण केलेलं ज्ञान मद्रासमध्येच राहिलं, आणि खाजगी उद्योगाने ते उचललं. जी. ए. चेंबर्स यांची क्रोम लेदर कंपनी पल्लावरमजवळ उभी राहिली. कंपनीभोवती कामगारांची वस्ती वाढली. लोक तिला क्रोमची पेठ म्हणू लागले, आणि तेच नाव पुढे स्टेशनाच्या पाटीवर चढलं.

पहिल्या महायुद्धाने या धंद्याला एकदम साम्राज्याच्या कारभारात आणून बसवलं. सैनिकाच्या बुटाच्या वरच्या भागाला मद्रासचं किप उत्तम, हे ब्रिटिश युद्धखात्याला कळून चुकलं होतं. १९१६ पासून सरकारने या मालाची खरेदी आपल्या ताब्यात घेतली. युद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, कच्च्या कातड्याच्या निर्यातीवर १५ टक्के कर बसवला. साम्राज्यातल्या देशांकडे जाणाऱ्या मालाला त्यातली दोन तृतीयांश सूट होती. कातडं देशातच कमावलं जावं, असा उद्देश सांगितला गेला. पण ती सूट पाहिली की राखण कुणाची चालली होती ते उघड होतं. १९२३ मध्ये कर ५ टक्क्यांवर आला. दूरच्या राजधान्यांत ठरणाऱ्या अशा दरांवर पल्लावरमच्या कुंडांमधली गर्दी वाढे आणि ओसरे.

याच सुमारास गावाचं दुसरं आयुष्य सुरू होत होतं. मुंबईत व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी १९२५ मध्ये धावली हे आपल्याला ठाऊक आहे. मद्रासची पाळी १९३१ मध्ये आली. बीच ते तांबरम, सुमारे २९ किलोमीटर, मीटरगेजवर धावणारी भारतातली ही पहिली विद्युत रेल्वे. वाफेच्या गाडीची वाट बघत बसण्याऐवजी ठरावीक वेळाने मिळणारी गाडी आली, तेव्हा शहरातल्या कचेरीत काम करणाऱ्या कारकुनाला पल्लावरमला घर बांधून राहणं परवडू लागलं. अंगण, विहीर, एखादं नारळाचं झाड, आणि खिशात महिन्याचा पास. कातड्याच्या वासाच्या गावात आता दुसऱ्या एका वर्गाची घरं उभी राहू लागली. रेल्वेच्या रुळांनी गाव जोडलं तसंच कापलंही. पुढे गाड्या वाढल्या आणि क्रोमपेटमधलं राधानगरचं फाटक म्हणजे रोजची परीक्षा होऊन बसलं. फाटकाखालून भुयारी रस्ता व्हावा म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली.

या काळात आजूबाजूलाही नव्या संस्था उभ्या राहत गेल्या. शेजारी तांबरमच्या वाटेवर १९२८ मध्ये डॉ. चौरी मुत्तू यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू केलं; त्या स्टेशनाचं नाव आजही तांबरम सॅनेटोरियम आहे. १९४९ मध्ये सी. राजम यांनी क्रोमपेटला मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी उभारलं. स्वतंत्र देशाला विमानं, मोटारी, इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारी संस्था लागेल, हे त्यांनी ओळखलं, आणि त्यासाठी आपलं घरही विकलं. ए. पी. जे. अब्दुल कलाम इथेच वैमानिकी शिकले. प्रवेशाच्या पैशांसाठी बहिणीने आपले दागिने गहाण ठेवल्याचं त्यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे. तमिळ लेखक सुजाता हेही याच संस्थेचे.

आणि उत्तरेला, अड्यार नदीच्या काठी, अनकापुत्तूर. त्याला वगळून या भागाच्या पोटापाण्याची गोष्ट पुरी होत नाही. तिथल्या विणकरांच्या मागावर ‘रियल मद्रास हँडकर्चीफ’ नावाचं मोठ्या चौकड्यांचं कापड निघे. रुमाल कसला, नायजेरियातल्या बायकांच्या लग्नाकार्यातलं ते मानाचं वस्त्र. मद्रासजवळच्या एका खेड्यातला माग आफ्रिकेतल्या सणांच्या हिशेबाने चाले. १९७०च्या दशकात नायजेरियाने कापडाच्या आयातीवर बंदी घातली आणि ते गिऱ्हाईक तुटलं. माग थांबले, तरुण पोरं दुसऱ्या कामाला गेली. काही घरांनी केळीच्या सोपटाच्या धाग्यापासून साड्या विणायला घेऊन विणकाम टिकवलं. ज्याचा निर्णय हजारो मैलांवर होतो अशा बाजारावर जगणं म्हणजे काय, ते पल्लावरमच्या चामडेवाल्यांना अनकापुत्तूरकडे बघून शिकता आलं असतं.

चामड्यासाठी मात्र १९७०चं दशक भरभराटीचं ठरलं. अड्यारला १९४८ मध्ये केंद्रीय चर्म संशोधन संस्थेचा पाया घातला गेला होता, डॉ. वाय. नायुडम्मा यांच्या काळात ती खेड्यातल्या चर्मकारापासून निर्यातदारापर्यंत सर्वांशी बोलू लागली. १९७२ मध्ये सीतारामय्या समितीने सांगितलं, की देशाने अर्धवट कमावलेला माल विकणं कमी करावं आणि तयार चामडं, बूट, पिशव्या, कपडे विकावेत. मग कच्च्या कातड्याच्या निर्यातीवर बंदी आली आणि अर्धवट कमावलेल्या मालावर मर्यादा. अमेरिकेने जवळजवळ शतकभरापूर्वी हिरावलेली मजुरी परत आणण्याचा हा प्रयत्न होता, आणि तो बऱ्याच अंशी साधला. पल्लावरमच्या पश्चिमेला नागलकेणीच्या गल्ल्यांत लहान-मोठ्या टॅनऱ्यांची दाटी झाली. हजारो घरं तिच्यावर चालू लागली.

आता या कामातलं पाणी मोजून बघू. कच्च्या कातड्याला कुजू नये म्हणून वजनाच्या जवळजवळ ४० टक्के मीठ लावून आणतात. ते मीठ धुवायचं. मग चुन्याच्या हौदात केस सुटे करायचे, आतला मांसाचा थर खरवडायचा, चुना पुन्हा धुवायचा, आम्लात बुडवायचं आणि क्रोमच्या पिंपात टाकायचं. एक किलो कच्च्या कातड्यामागे ३० ते ४० लिटर पाणी लागतं. जुन्या रीतीत टाकलेल्या क्रोमपैकी साठ-सत्तर टक्केच कातड्यात बसतो. उरलेला पाण्याबरोबर बाहेर पडतो. हे पाणी जाणार कुठे? या भागात पाऊस साठवणाऱ्या तळ्यांची साखळी आहे. तमिळमध्ये तळ्याला ‘एरी’ म्हणतात. एक एरी भरली की पुढच्या एरीला पाणी जातं. उताराचं गाव होतं, गटारं उघडी होती; सांडपाणी या साखळीतच उतरलं. विहिरींचं पाणी खारट झालं, मग पिवळं. कारकुनांच्या वसाहतीतल्या अंगणातली विहीर ज्या दिवशी बिनकामाची झाली त्या दिवशी दोन्ही पल्लावरमांची दुखरी बाजू एकच झाली. पण टॅनरीतल्या मजुराचं दुखणं जुनं होतं. तो त्याच पाण्यात उभा राहून दिवसाची मजुरी कमावत होता आणि घरीही तेच पाणी पीत होता.

दाद लागली ती दुसऱ्या जिल्ह्यातून. पालार नदीच्या खोऱ्यातल्या लोकांनी वेल्लोर सिटिझन्स वेल्फेअर फोरमच्या नावाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. २८ ऑगस्ट १९९६ रोजी न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या खंडपीठाने निकाल दिला. प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी आणि धोक्याची पक्की खात्री पटेपर्यंत थांबू नये, ही दोन तत्त्वं या निकालाने भारतीय कायद्याचा भाग मानली. पाच जिल्ह्यांतल्या प्रत्येक टॅनरीला १० हजार रुपये दंड झाला, आणि त्या पाचांत चेंगै एमजीआर हा जिल्हाही होता, म्हणजे पल्लावरमचा. सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय कारखाना चालणार नाही, असं ठरलं. भरपाई ठरवायला वेगळं प्राधिकरण नेमायचा आदेश निघाला.

पल्लावरमच्या टॅनरीमालकांनी एकत्र येऊन सामायिक शुद्धीकरण केंद्र उभं केलं होतं. सगळ्यांचं सांडपाणी एका ठिकाणी नेणं हा लहान कारखान्याला परवडणारा एकमेव मार्ग. क्रोम त्यात बऱ्यापैकी अडवला जातो. मीठ मात्र अडत नाही. पाण्यात विरघळलेलं मीठ काढायला पडद्यांतून गाळावं लागतं, मग उरलेलं दाट पाणी उकळून आटवावं लागतं, आणि त्याचा खर्च कातड्याच्या किमतीत बसत नाही. कित्येकांनी ओलं काम सोडलं. इतर गावांतून कमावलेलं कातडं आणून रंगवणं, मऊ करणं, चकाकी देणं एवढंच इथे राहिलं. काही टॅनऱ्या कायमच्या बंद झाल्या. ज्यांनी आयुष्यभर कुंडांत काम केलं त्या माणसांच्या वाट्याला मालकाच्या दंडातलं काहीच आलं नाही. न्यायालयाच्या निकालाला मी मोठा मानतो, पण त्यात मजुराची बाजू फार थोडी दिसते, हेही लिहिलं पाहिजे.

त्यानंतरचं पल्लावरम-क्रोमपेट वेगाने वेगळं झालं. १ जुलै २००४ रोजी मीटरगेजची शेवटची लोकल गेली आणि रुंद रुळांवरून जास्त मोठ्या गाड्या धावू लागल्या. तांबरमला १९८४ पासून निर्यातक्षेत्र होतंच. मग पूर्वेला ओल्ड महाबलीपुरम रस्त्यावर संगणकाच्या कंपन्या आल्या, आणि तिकडे पोचायला पल्लावरम ते तोरैपाक्कम असा दोनशे फुटी रस्ता झाला. हा रस्ता गावाच्या मोठ्या तळ्याच्या, पेरिय एरीच्या, मधून गेला. तळ्याचे दोन तुकडे झाले. त्यात कचराही पडत राहिला. जीएसटी रोडवर कापडाच्या, दागिन्यांच्या टोलेजंग दुकानांच्या रांगा लागल्या. आता गावाची कमाई बाहेरून येते, खर्च गावात होतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये पल्लावरम, पम्मल, अनकापुत्तूर या नगरपालिका तांबरम महानगरपालिकेत विलीन झाल्या, आणि पल्लावरमची स्वतंत्र नगरपालिका संपली.

तळी तुटली होती. त्यामुळे डिसेंबर २०१५ मध्ये अतोनात पाऊस आला तेव्हा पाण्याला वाट उरली नाही. अड्यार फुगली, शेजारचा विमानतळ बंद पडला, वस्त्यांत कंबरभर पाणी शिरलं. चार वर्षांनी, २०१९च्या उन्हाळ्यात, उलटं घडलं: चेन्नईचे जलाशय आटले, टँकरसाठी रांगा लागल्या. तेव्हा पाणीपुरवठा खात्याने पंप नेऊन बसवले ते मांगाडजवळच्या सिक्करायपुरमच्या दगडखाणींवर. मद्रासच्या रस्त्यांसाठी फोडून नेलेल्या टेकड्यांच्या जागी खोल खड्डे राहिले होते, त्यांत पावसाचं पाणी साठलं होतं. ते गाळून, शुद्ध करून चेन्नईच्या नळांना गेलं.

शुक्रवारी बाजार भरतो तेव्हा लोकल अजून पल्लावरमला थांबते, आणि रिकाम्या पिशव्या घेतलेली माणसं फलाटावर उतरतात. पुढच्या स्टेशनात गाडी शिरते, तेव्हा पाटीवर अजूनही कुरोम्पेट्टै.